बार्बा झोर्झी आणि बारा सारख्या ज्योती

आमच्या ट्रिएस्तमध्ये एका टेबलावर बसलेली चार माणसं कधी एकसारखी कॉफी मागत नाहीत. एकाला ती कपात हवी, दुसऱ्याला काचेच्या पेल्यात. एकाला दुधाचा थेंब हवा, एकाला वर साय हवी, आणि एखाद्याला दूध अजिबात नको असतं, पण दुधाचं भांडं शेजारी ठेवलेलं हवं असतं, म्हणजे आपण ते घेतलं नाही हे चारचौघांना दिसतं. वाढप्यानं हे सगळं तोंडपाठ ठेवायचं आणि विचारायचं मात्र नाही. विचारलं की गिऱ्हाइकाचा अपमान होतो.

बार्बा झोर्झींनी हाच नियम उजेडाला लावला होता.

बार्बा म्हणजे काका. त्यांना पुतणे होते, पण ते खाडीपलीकडे मुज्जा गावात, भावाच्या तेलाच्या घाण्यावर. त्यांच्यापैकी कुणी यांना काका म्हणून हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. हाक मारायचं ते आमचं अख्खं कॉफीहाउस. 'देल्फिन' हे आमच्या सासूबाईंचं कॉफीहाउस, आणि त्यातले एकतीस तेलाचे दिवे हे झोर्झींचं राज्य. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा त्यांना दिव्यांच्या कामावर अठ्ठावीस वर्षं झाली होती.

सकाळी आठ वाजता ते मागच्या अंगणात बसत. एकतीस काचा कोमट पाण्यानं आणि व्हिनेगरनं धुवायच्या, एकतीस वाती वाकड्या कात्रीनं कातरायच्या, मग तेल भरायचं. तेल भरण्याआधी ते बोटावर घेऊन हुंगत. तेल डोंगराच्या कुठल्या उतारावरचं हे ते वासावरून सांगत, आणि ते खोटं ठरवायला आमच्यापैकी कुणाला काही कळत नसल्यामुळे ते नेहमी बरोबर असे. त्यांच्या अंगालाही तोच वास होता. त्यांची बायको मेनेगा म्हणायची, "याला तव्यावर ठेवा, वेगळं तेल घालावं लागणार नाही."

दिवे लागले की ते गिऱ्हाइकांची वाट बघत उभे राहत. विमा-दलाल अन्सेल्मो आले की त्यांच्या टेबलावरची वात वर. इतकी वर की बंदरातल्या जहाजांची यादी त्यांना चष्म्याशिवाय वाचता यावी आणि बाकीच्यांना ते ती वाचताहेत हे दिसावं. फोस्काबाई आल्या की वात खाली. फोस्काबाईंचं टोप्यांचं दुकान होतं आणि नोटरीच्या कचेरीतल्या एका कारकुनाशी त्यांच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. ते बोलणं पंधरा वर्षं चाललं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर झोर्झी त्यांना जेमतेम कपाची कड दिसेल एवढाच उजेड देत. त्या उजेडात फोस्काबाई बोलणं सुरू झालं त्या वर्षीच्याच दिसत, आणि कारकूनही.

आणि कप्तान नादालिन. हे निवृत्त झालेले जहाजाचे कप्तान, आवाज तुफानातला. रोज संध्याकाळी पाच वाजता खांबाआडच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडून बसत. तिथला दिवा मध्यम. कप्तान आले की थोड्या वेळानं त्यांच्या वातीला हमखास काहीतरी व्हायचं. झोर्झी कात्री घेऊन जायचे, काच उतरवायचे, वाकून वात कातरायचे, आणि कातरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. मला वाटलं, म्हातारा वातीशी बोलतो. मग एकदा मी केक ठेवायला खांबाच्या पलीकडे उभी होते, तेव्हा ऐकू आलं: "स्मिर्नाला प्लेग. गव्हाचा भाव चढला. डाव्या पानावर, खाली." कप्तानांनी लगेच मान डावीकडे, खाली वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले, "काय हो हे, स्मिर्नाला पुन्हा प्लेग!"

कप्तानांना वाचता येत नव्हतं. जहाजाचे कागद आयुष्यभर त्यांच्या मदतनिसानं वाचले, आणि जमिनीवर आल्यावर ती नोकरी झोर्झींकडे आली. बिनपगारी. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नव्या सुनेनं काही गोष्टी बघायच्या नसतात, आणि बघितल्या तर केकवर साखर भुरभुरायची असते.

मग शहरात दिव्यांचा गॅस आला.

आधी बंदरावर आला, मग नाट्यगृहात, आणि मग आमच्या अगदी समोरच्या 'तीन मुकुट' कॉफीहाउसमध्ये. तिसरी गोष्ट सासूबाईंच्या जिव्हारी लागली. सासूबाईंचं नाव ओर्सोला. त्यांचं माहेर आल्प्सच्या डोंगरातलं, जिथली अर्धी माणसं गोड पदार्थ करून विकायला जगभर जातात आणि उरलेली अर्धी त्यांची वाट बघतात. सासरे गेल्यावर देल्फिन त्यांनी एकटीनं चालवलं होतं. पण समोर पांढरा झगझगीत उजेड पडला आणि आमची खिडकी त्यापुढे आजारी माणसाच्या खोलीसारखी दिसायला लागली. तीन संध्याकाळी त्या दारात उभं राहून समोर बघत राहिल्या. चौथ्या दिवशी गॅस कंपनीच्या कागदावर सही झाली.

करार साधा होता. बारा ज्योती, सगळ्या एका मापाच्या, ठरलेल्या वेळी लावायच्या, ठरलेल्या वेळी बंद करायच्या. गॅस मोजायचं यंत्र आमच्याकडे तेव्हा नव्हतं, म्हणून ज्योतीची उंची हेच माप.

सही झाल्यावर सासूबाईंनी झोर्झींना आत बोलावलं. मी बदाम सोलत होते.

"झोर्झी, मी तुम्हाला काढत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमचं काम काढतेय."

"हो, मालकीणबाई."

"कार्निव्हलचं नाचगाणं संपेपर्यंत राहा. गर्दी असते, वर-खाली करायला माणूस लागतो. गॅसवर तुमच्यासाठी काही काम निघालं तर ठीकच. नाहीतर तुमचे उपास लागतील तेव्हा, राखेच्या बुधवारी बघू."

"हो, मालकीणबाई."

"मुज्जाला भाऊ आहे ना तुमचा? घाणा आहे."

"आहे. भावजयही आहे."

त्या भावजयीबद्दल मेनेगानं वीस वर्षं जे सांगितलं होतं, ते सगळ्या देल्फिनला माहीत होतं. भावाचं घर म्हणजे उतारवयात मेनेगानं तिच्या हाताखाली भांडी घासायची आणि झोर्झींनी घाण्याला जुंपलेल्या गाढवामागून फिरायचं.

एकतीस दिवे पेंढ्यात गुंडाळून पेटाऱ्यात गेले.

पहिल्या संध्याकाळी रस्त्यावर इतकी गर्दी झाली की आमच्या खिडकीची काच फुटते की काय असं वाटलं. बारा तोट्या पेटल्या, सगळे 'आहा' म्हणाले, आणि नंतर जरा वेळानं इकडेतिकडे बघायला लागले. आता सगळंच दिसायला लागलं. भिंती पांढऱ्या आहेत असा आमचा समज होता. त्या तपकिरी होत्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या मागे ती खुर्ची किती वर्षं वापरली गेली त्याचा तेलकट गोल डाग होता. आरशात माशांनी आपली हजेरी लावून ठेवलेली होती. कप्तानांच्या काळ्या मिशीत हिरवट झाक आहे हे सगळ्या शहराला त्या दिवशी कळलं. आमची कॉफी पेल्यातून आरपार दिसत होती. सासूबाईंनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मूठभर दाणे जास्त पडायला लागले. गॅसनं देल्फिनचं भलं केलं ते एवढंच.

कोपऱ्यात फोस्काबाईंनी आणि त्यांच्या कारकुनानं पंधरा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांना नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी दोघंही आले नाहीत.

अन्सेल्मोंना उजेडाची हौस होती, निदान ते तरी खूश होतील असं वाटलं होतं. पण त्यांनी जहाजांची यादी उघडली आणि मागच्या टेबलावरचा मनुष्य त्यांच्या खांद्यावरून ती वाचायला लागला. "एवढ्या उजेडात धंदा करायचा म्हणजे चौकात कपडे बदलण्यासारखं आहे," असं म्हणून त्यांनी यादी घडी करून खिशात घातली. सगळ्यांनाच मोठा उजेड मिळाल्यावर त्यांचा उजेड मोठा राहिला नव्हता.

कप्तान चार दिवस आले. पाचव्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी सहज विचारलं, "कप्तान, तुमच्या पानावर ते मोठ्या अक्षरांत काय छापलंय हो?" कप्तान म्हणाले, "मूर्खपणा छापलाय," आणि टोपी घेऊन उठले.

झोर्झी हे सगळं बघत भिंतीशी उभे असायचे. त्यांचं काम आता संध्याकाळी बारा चाव्या फिरवणं आणि बंद करायच्या वेळी त्याच बारा उलट फिरवणं एवढंच होतं. कातरायला वात नाही, धुवायला काच नाही. एखाद्या टेबलाशी जाऊन उभं राहायला निमित्त नाही. एकदा सवयीनं त्यांनी एका ज्योतीवर फुंकर मारायला गाल फुगवले. मी ओरडले, "बार्बा!" त्यांनी फुगवलेले गाल तसेच ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हवा नाकातून सोडली.

"अठ्ठावीस वर्षं मी यांना जेवायला घातलं," ते पेटाऱ्याकडे हात करून मला म्हणाले. "याला कुणीतरी भिंतीतून जेवायला घालतं. मला ओळखतसुद्धा नाही तो."

मग एक दिवस चार नंबरच्या टेबलावरची ज्योत एका बाजूला वाकडी जळायला लागली. तोटीच्या भोकात गंज अडकला होता. झोर्झींनी शिडी लावली, मेनेगाच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढली आणि भोक साफ केलं. सवयीनं नीट केलं. वात जशी शेवटच्या काजळीपर्यंत कातरायची, तसं भोकही शेवटच्या कणापर्यंत. सुई आत गोल फिरवली. पुन्हा चावी सोडली तर ज्योत सरळ झाली होती, आणि शेजारणीपेक्षा दोन बोटं उंच.

ते शिडीवर बराच वेळ उभे राहिले. मी खालून बघत होते. दिव्याचा माणूस होता तो. त्यानं त्याच्या पद्धतीनं विचार केला. वात म्हणजे काय, तेल किती वर येऊ द्यायचं ते ठरवणारी वस्तू. मग भोक म्हणजे काय? भोक म्हणजे वात. गॅसलाही वात आहे. फक्त कुणी ती कातरत नव्हतं.

त्यानंतर देल्फिनमध्ये सकाळी आठ वाजता पुन्हा काम सुरू झालं. झोर्झींकडे आता सात सुया होत्या, एक बोटभर हातोडी होती आणि कथलाचे तुकडे होते. मोठं करायचं भोक सुईनं मोठं, लहान करायचं ते कथील ठोकून लहान. अन्सेल्मोंच्या डोक्यावर पंख्यासारखी ज्योत फुलली, आणि त्यांच्या मागच्या टेबलावर इतकी लहान की तिथून खांद्यावरून वाचायला घुबड लागलं असतं. कोपऱ्यात उंदराच्या शेपटीएवढी निळसर ज्योत. खांबाआड मध्यम, आणि ती अशी ठोकलेली की दर अर्ध्या तासानं फडफडावी, म्हणजे शिडी घेऊन जाणं भाग पडावं.

पंधरा दिवसांत माणसं परतली. आपण का परतलो हे त्यांना सांगता आलं नसतं. फोस्काबाई आधी आल्या, एकट्या, आणि कोपऱ्यात बसून त्यांनी हातमोजा काढून आपला हात उजेडात धरून बघितला. मग चॉकलेट मागवलं. दुसऱ्या दिवशी कारकून आला. बोलणं पुढे सुरू झालं.

कप्तान आले, बसले. ज्योत फडफडली. झोर्झी शिडी घेऊन गेले.

"इतके दिवस कुठे मेला होतास?" कप्तान पेपराआडून म्हणाले.

"इथंच. शिडी नव्हती."

"हं. बोल."

"व्हेनिसचा रेल्वेपूल. उजव्या पानावर, वर."

"हा पूल कोसळणार!" कप्तान गरजले. सगळं कॉफीहाउस पुन्हा जागेवर आल्यासारखं वाटलं.

सासूबाईंनी काही विचारलं नाही. त्यांच्या मते गर्दी गॅसमुळे आणि थोडीफार अक्रोडाच्या केकमुळे वाढली होती. तसं त्या दारात उभ्या राहून समोरच्या तीन मुकुटवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतही होत्या. "गॅस सगळेच घेतात हो. तो ठेवता यावा लागतो." मी झोर्झींकडे बघितलं. ते सुई पुसत होते. त्यांना वाटत होतं की काम निघालं, आता राखेच्या बुधवारी बघायचं काही उरलं नाही.

कार्निव्हलच्या शेवटच्या आठवड्यात हेर क्नॉप आले.

हेर क्नॉप, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत क्नॉप, गॅस कंपनीचे तपासनीस. बव्हेरियाचे. आमची भाषा त्यांनी कायद्याच्या पुस्तकातून शिकली असावी, कारण ते तशीच बोलत. ते रस्त्यावरून जाताना आमच्या खिडकीसमोर थांबले. आत एक ज्योत उंच, एक बुटकी, एक रुंद, एक मरायला टेकलेली. सगळ्या युरोपात असं दृश्य त्यांनी पाहिलं नसावं. ते आत आले, टोपी काढली, आणि खिशातून पितळी माप काढून प्रत्येक ज्योतीपुढे धरत फिरले. गिऱ्हाइकं पत्ते खाली ठेवून बघत राहिली.

"महोदया," ते सासूबाईंना म्हणाले, "आपल्या येथील सहा ज्योती करारातील उंचीचे उल्लंघन करीत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी तोट्यांना इजा केली आहे. कंपनी यास चोरी मानते."

सासूबाईंच्या हातातला केकचा ट्रे तसाच राहिला. त्यांनी वर बघितलं. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी आपले दिवे पहिल्यांदाच एकेक करून बघितले. बाराव्या ज्योतीपर्यंत पोचेतो त्यांचा चेहरा पूर्ण बदलला होता.

"कोणी केलं हे?"

"मी," झोर्झी म्हणाले. लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना कळलं नव्हतं. उलट ते पुढे आले, कुणीतरी शेवटी लक्ष दिलं याचा त्यांना आनंद झाला होता. "सहा मोठ्या आहेत, साहेब. पण बाकीच्या सहांकडे पण बघा ना. त्या लहान आहेत. ही बघा, कोपऱ्यातली, ही तर नुसती म्हणायला आहे. सगळ्यांची बेरीज करा. तुमचा गॅस वाचलाच असेल."

हेर क्नॉप प्रामाणिक माणूस होता. त्यांनी वही काढली, सहा लहान ज्योतीही मोजल्या आणि बेरीज केली. बेरीज करून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा केली.

"बेरीज करारापेक्षा कमी येते," ते म्हणाले.

"मग!" कप्तान खांबाआडून ओरडले.

"परंतु बेरजेचे कलम नाही. उंचीचे आहे." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "नव्या बारा तोट्या बसतील. शिशाची मोहोर लागेल. हा मनुष्य त्यांस पुन्हा हात लावणार नाही. अन्यथा गॅस बंद. कार्निव्हलमध्ये आपणांस अडचण नको, म्हणून मी बुधवारी येईन."

"बुधवारी," सासूबाई म्हणाल्या.

"बुधवारी," झोर्झी म्हणाले. एकाच दिवसावर सगळं आलं होतं.

कार्निव्हलचे दिवस नाचत गेले. मेनेगानं ट्रंक उतरवली, आणि मला बजावलं, "तुझ्या सासूला सांग, मी रडत नाहीये. कांदा चिरतेय." घरात कांदा नव्हता. कप्तान रोज आले. एकदा शिडीखाली ते म्हणाले, "मुज्जाला जहाज जातं का रे रोज?"

"नाव जाते, सकाळी."

"रोज जाऊन यायचं म्हणजे... छे. आणि ती तुझी भावजय." मग त्यांनी पेपराची घडी केली. "मी पेपर बंद करतो, त्यात तसंही काही नसतं."

राखेच्या बुधवारी ईस्टरपर्यंतचे उपास सुरू होतात, म्हणून आम्ही कॅथलिक माणसं सकाळी चर्चला जाऊन कपाळाला राख लावून आलो. सासूबाई घरीच. त्यांच्या डोंगरातली माणसं प्रॉटेस्टंट. राख नाही, चाळीस दिवसांचा उपास नाही, संत नाहीत. त्यांनी आयुष्यात एक जेवण चुकवलं असेल तर ते माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या दिवशी, आणि तेही संध्याकाळी भरून काढलं.

संध्याकाळी हेर क्नॉपनी बारा तोट्या बसवल्या, मोहोरा लावल्या आणि पेटवल्या. बारा सारख्या ज्योती. सारख्या म्हणजे शाळेतल्या मुलांच्या रांगेसारख्या. ते मागे सरकून बघत राहिले. बायकोच्या हातचं आवडतं जेवण समोर यावं तसं त्यांचं तोंड खुललं होतं. त्यांच्या कपाळालाही राख होती.

झोर्झी अंगातला एप्रन काढून, घडी करून, सासूबाईंच्या समोर उभे होते. माणसं येत होती. प्रत्येकाच्या कपाळावरची राख लख्ख दिसत होती, कुणाची जाड, कुणाची घाईत पुसलेली. फोस्काबाई दारातून आत आल्या, वर बघितलं, आणि कारकुनाच्या बाजूला न बसता त्याच्याकडे पाठ करून बसल्या. अन्सेल्मोंनी यादी खिशातच ठेवली. कप्तानांनी पेपर उघडलाच नाही. दोन मिनिटं बसले, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि टोपीसाठी वळले.

"मालकीणबाई, हा एप्रन," झोर्झी म्हणाले.

सासूबाईंनी एप्रनकडे बघितलं नाही. त्या कप्तानांच्या टोपीकडे बघत होत्या. मग कोपऱ्याकडे. मग खिडकीतून समोर, जिथे तीन मुकुटचा मालक दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. या बाईला चूक कबूल करताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही मला ते बघायला मिळालं नाही.

"झोर्झी," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आज वार कोणता?"

"बुधवार, मालकीणबाई."

"कोणता बुधवार?"

"राखेचा."

"मग? कपाळाला राख लावून माणसं आलीत, आणि डोक्यावर हा नाचघराचा झगमगाट! लाज नाही वाटत? उपासाचे दिवस आहेत. पेटाऱ्यातले दिवे काढा. प्रत्येक टेबलावर एक. चाळीस दिवस या घरात उपासाचा उजेड राहील."

ही बाई कुठल्या धर्माची आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. फोस्काबाईंनी मात्र छातीवर क्रूस काढला.

हेर क्नॉप वहीची पानं उलटत होते. "महोदया, करारानुसार गॅस पेटलेला असणे..."

"पेटलेला राहील. चांगला छतापर्यंत जळू दे. रस्त्यावरच्यांना दिसला पाहिजे. खाली आम्ही काय करतो याला कलम आहे?"

त्यांनी पुन्हा पानं उलटली. "नाही."

"मग बसा. कॉफी कशी घेता?"

झोर्झी अजून एप्रन हातात धरून उभे होते. मी तो घेतला आणि त्यांना मागून बांधला. अर्ध्या तासात पहिले आठ दिवे लागले. वरचा पांढरा उजेड खाली पिवळा व्हायला लागला, छतावर कंपनीचा आणि टेबलावर झोर्झींचा. कप्तानांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली. त्यांच्या वातीला काहीतरी झालंच.

त्या चाळीस दिवसांत देल्फिनची धार्मिक म्हणून ख्याती झाली. आमच्या चर्चचे पाद्री खास येऊन सासूबाईंचं कौतुक करून गेले. त्यांच्या चर्चचे पाळकही आले, जरा काळजीत, आणि हळूच विचारलं, "ओर्सोलाबाई, तुमचं काही... मतपरिवर्तन झालंय का?" सासूबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, तिकडे कोपऱ्यात बसा, तिथे बरं वाटतं." पाळकसाहेब बसले, आणि मग दर गुरुवारी येऊन बसायला लागले. समोर तीन मुकुटवाल्यांनीही तेलाचे दिवे आणले. पॅरिसमध्ये हल्ली असंच असतं असं ते सांगत. हेर क्नॉप मोहोरा तपासायला दर सोमवारी येत. मोहोरा शाबूत असत. मग ते एका टेबलावर बसत, झोर्झी त्यांच्यासाठी वात दोन बोटं वर करत, आणि त्या उजेडात ते लिहीत की येथील गॅसव्यवस्था पूर्णपणे समाधानकारक आहे.

झोर्झी मात्र दिवस मोजत होते. उपासाचे चाळीस दिवस म्हणजे चाळीस. पुढचं बोलणं झालं नव्हतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी उपास संपल्याच्या घंटा वाजल्या, रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले, माझे ईस्टरचे पाव भट्टीत फुगत होते. मी बाहेर येऊन बघते तर झोर्झी एकेक दिवा विझवून काच उतरवत होते. पेटारा उघडा होता, पेंढा अंथरलेला होता. मेनेगा दारात ट्रंकेवर बसली होती.

सासूबाई जिन्यावरून उतरल्या.

"काय चाललंय हे?"

"दिवे ठेवतोय, मालकीणबाई. उपास संपला."

"कुणी सांगितलं?"

झोर्झींनी बाहेर घंटांच्या दिशेनं हात केला.

"तुमचा संपला असेल," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात असं तारखेवर नसतं." त्यांनी पेटाऱ्याचं झाकण पायानं बंद केलं आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "आणि मेनेगा, त्या ट्रंकेवरून ऊठ. पाव भट्टीतून काढायला माणूस लागतोय, सुनेला एकटीला झेपत नाही."

मला झेपत होतं. पण मी मेनेगाच्या हातात भट्टीचं फडकं दिलं.